खाणमालक ते मुख्यमंत्री : भाऊसाहेब बांदोडकरांची आठवण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक मंडळींनी आम्हां चौघांना एकच विषय दिला आहे. शाळेतल्या आठवणी सगळेच सांगतील, तुम्ही मात्र शाळेबाहेर ज्याच्याकडून काही शिकलात अशा एका माणसाबद्दल बोला. माझ्या आधीच्या मित्रानं आपल्याकडच्या शेतकऱ्याबद्दल फार छान सांगितलं. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते आपल्या भागातले नाहीत, आणि मी त्यांना पाहिलेलंही नाही. ते वारले तेव्हा आपण कोणीच जन्मलो नव्हतो. पण माझं सासर गोव्यात, पेडणे तालुक्यात आहे. तिथं लग्न होऊन गेल्यापासून त्यांचं नाव ऐकलं नाही असा एकही सण गेला नाही. ते नाव म्हणजे दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. गोव्यात त्यांना भाऊसाहेब किंवा नुसतं भाऊ म्हणतात.

भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. वयाच्या बावन्न वर्षांपर्यंत हा माणूस व्यापारी होता, खाणमालक होता. बावन्नाव्या वर्षी तो राजकारणात आला आणि एकदम मुख्यमंत्री झाला. आपण सगळे आता चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे आहोत. काल रात्री जेवताना किती जण म्हणाले, "आता काय, पोरांचं बघायचं." म्हणून मुद्दाम हा माणूस निवडला.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. ते १५१० ला आले आणि १९६१ पर्यंत, म्हणजे चारशे एक्कावन्न वर्षं राहिले. आपल्याकडे इंग्रज गेले तेव्हा आपले आजोबा तरुण होते. गोव्यातल्या माणसाला स्वातंत्र्यासाठी आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं. भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजातले, त्या समाजाला त्या काळात समाजात मान नव्हता. देवळात गाणं-नाचणं करणाऱ्या घराण्यांतून तो समाज पुढे आला. या समाजानं देशाला केवढे मोठे गाणारे दिले हे आज सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांचं गाणं ऐकायचं आणि त्यांना पंगतीत लांब बसवायचं, असा तो काळ होता. अशा घरातला मुलगा, फार शिकलेला नाही, लहान-मोठा व्यापार करत करत वर आला.

मग खाणी आल्या. खाण म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला आणि चिखल्याला मॅंगनीजच्या खाणी आहेत. गोव्यात लोहखनिज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पोलादाचे कारखाने पुन्हा उभे राहिले आणि त्यांना गोव्याची लाल माती हवी झाली. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांमधून बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या होड्या, भरभरून मुरगाव बंदरात जायच्या आणि तिथून जहाजं जपानला. ज्यांच्या हाती खाणी होत्या ते दहा-पंधरा वर्षांत श्रीमंत झाले. भाऊसाहेब त्यांतलेच एक.

आता श्रीमंत माणसं दान देतात. भाऊसाहेबही द्यायचे. देवळांना, शाळांना, कुणाच्या मुलाच्या शिक्षणाला, कुणाच्या मुलीच्या लग्नाला. गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे अजून या गोष्टी आहेत. आपल्याकडेही अशी माणसं झाली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल विडीचे व्यापारी. ते आमदार झाले आणि १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. आपल्यापैकी कितीतरी जण अकरावी-बारावीला आणि पुढे कॉलेजला त्या संस्थेच्या कुठल्या ना कुठल्या इमारतीत बसलो आहोत. तेव्हा तेंदूपत्त्याच्या आणि विडीच्या पैशातून शाळा उभी राहते, हे आपल्याला नवीन नाही.

भाऊसाहेबांच्या गोष्टीत फरक इथून पुढे पडतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ ला, पहिली विधानसभा निवडणूक झाली. जागा तीस. त्यांतल्या अठ्ठावीस गोव्यातल्या, एक दमणची आणि एक दीवची. सगळ्यांना वाटत होतं की काँग्रेस येणार. दिल्लीत नेहरू होते, गोवा मुक्त करणारं सरकार त्यांचंच होतं. भाऊसाहेबांनी आपल्या साथीदारांबरोबर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला. सिंह ही निशाणी. उमेदवार बहुतेक बहुजन समाजातले, ज्यांची नावं पणजीतल्या शिकलेल्या मंडळींनी ऐकलेलीही नव्हती. निकाल लागला तेव्हा गोव्याच्या अठ्ठावीस जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. भाऊसाहेबांचा पक्ष सगळ्यांत मोठा ठरला. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. तरी २० डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीत निवडून आले.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या मनात जी शंका आली ती तुमच्याही मनात आली असेल. पैसेवाला माणूस राजकारणात आला तर तो कशाला येतो, हे आपण गावातही बघतो. आधी सत्कार, मग फलक, मग तिकीट, मग कंत्राट. मी ही शंका सासूबाईंना बोलून दाखवली. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तुला मी किती वर्षांची असताना पहिलीत गेले माहीत आहे? नऊ."

त्यांचा जन्म १९५६ चा. पोर्तुगिजांच्या काळात सरकारी प्राथमिक शाळा पोर्तुगीज भाषेतल्या आणि त्याही मोजक्या. मराठी शाळा खासगी, कुठे देवळाच्या सोप्यात, कुठे कुणा सावकाराच्या ओसरीवर. ज्याला परवडतं त्यानं मास्तर ठेवायचा. कुळाच्या घरातल्या मुलीनं तिकडे जायचा प्रश्नच नव्हता. १९६३ नंतर सरकारनं गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडायला सुरुवात केली. इमारती नव्हत्या, तर देवळात, भाड्याच्या घरात, कुणी दिली त्या पडवीत शाळा भरली. शिक्षक पुरेनात, तर महाराष्ट्रातून आणले. सासूबाईंच्या वाड्यावर १९६५ मध्ये शाळा सुरू झाली. त्या नऊ वर्षांच्या, आणि शेजारी बसलेला मुलगा सहा वर्षांचा. घरात कोंकणी, शाळेत मराठी. सातवीपर्यंत शिकल्या. त्या जमातीत, त्या वाड्यावर, सही करणारी पहिली बाई त्यांच्या घरातली. आज त्यांचा नातू मला मोबाईलवर मराठीत संदेश पाठवतो, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्या काढतात.

१९६१ च्या जनगणनेत गोव्यात साधारण तिघांपैकी एकालाच लिहिता-वाचता येत होतं. २०११ मध्ये हे प्रमाण ८८.७० टक्के होतं. हे सगळं एका माणसानं केलं असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांत कितीतरी सरकारं आली, कितीतरी मास्तर-मास्तरणींनी आयुष्य घातलं. गोव्याचं अभियांत्रिकी महाविद्यालयही भाऊसाहेबांच्या काळात, १९६७ मध्ये सुरू झालं. माझे यजमान तिथंच शिकले. पण सुरुवात करताना "आधी इमारत होऊ द्या, आधी शिक्षक मिळू द्या" असं म्हणत बसले असते, तर माझ्या सासूबाईंचं वय निघून गेलं असतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडे मालगुजार होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव तेवढे मामा तलाव या नावानं राहिले. गोव्यात मालगुजारासारखाच भाटकार. त्याच्या जमिनीत कूळ राबायचं, त्याच्याच जमिनीत झोपडी बांधून राहायचं, आणि भाटकारानं उठ म्हटलं की उठायचं. १९६४ मध्ये गोव्यात कुळकायदा झाला. खंडावर मर्यादा आली आणि कुळाला मनाला येईल तेव्हा हुसकावता येईना. पुढे १९७६ मध्ये कसेल त्याची जमीन ही दुरुस्ती आली. ती केली भाऊसाहेबांच्या मुलीनं, शशिकला काकोडकर यांनी. भाऊसाहेब गेल्यावर त्या मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री.

आता मी इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. आमच्याकडे एखादी सिस्टिम बिघडली की दोन रस्ते असतात. रात्री दोन वाजता उठून हातानं दुरुस्ती करायची. ग्राहक खूश, साहेब खूश, शाबासकी मिळते. पण पुढच्या महिन्यात तेच पुन्हा. दुसरा रस्ता म्हणजे मूळ प्रोग्राममध्ये जाऊन चूक काढायची. त्याला वेळ लागतो, कुणाला दिसत नाही, पण नंतर ते आपलं आपण चालतं. तुम्ही झोपलेले असा, नोकरी सोडून गेलेले असा, चालतच राहतं.

दान हे रात्री दोनचं काम आहे. ते वाईट नाही. ज्याची अडचण त्या रात्रीची असते त्याला तेच हवं असतं. पण दान मिळायला दात्याच्या दारात जावं लागतं. दाता ओळखीचा लागतो, त्याचा मूड बरा लागतो, आणि घेताना मान खाली घालावी लागते. माझ्या सासूबाईंचे वडील कुठल्याही खाणमालकाच्या दारात मुलीच्या शिक्षणासाठी कधीच गेले नसते. त्यांना ते सुचलंच नसतं. शाळा वाड्यावर आली, सरकारी मास्तर आला, नाव घाला म्हणाला, म्हणून नाव घातलं गेलं. भाऊसाहेब खाणमालक म्हणून देत होते तेव्हा ओळखीच्यांना देत होते. मंत्री झाल्यावर त्यांचं देणं अशा माणसांपर्यंत पोचलं ज्यांना त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही. माझ्या सासूबाईंनी भाऊसाहेबांना एकदाच, लांबून, मोटारीत बघितलं होतं.

हे सगळं ऐकून त्यांना देव करू नका. गोव्यातही सगळे करत नाहीत. एक तर खाणमालकच मुख्यमंत्री असेल तर खाणींवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणी थांबवल्या, तेव्हा नद्यांचं आणि शेतांचं काय झालं होतं ते सगळ्या देशानं पाहिलं. दुसरं म्हणजे कारभार एकहाती. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या काही आमदारांनी बंड केलं, त्याचं कारण हेच होतं. व्यापारात मालक म्हणतो ते होतं. सरकारात दहा जणांना विचारावं लागतं. ही सवय मोडायला त्यांना जड गेलं असावं.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. ज्यासाठी त्यांनी पक्ष काढला, ज्याचं नावच पक्षाला दिलं, त्यातच ते हरले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्यांची मुख्य मागणी. त्यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. असा कौल आपल्या देशात क्वचितच झाला आहे. विलीनीकरण हवं असेल त्यांनी फुलावर शिक्का मारायचा, वेगळं राहायचं असेल त्यांनी दोन पानांवर. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारला आधी पायउतार व्हावं लागलं. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी भाऊसाहेब हरले. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे साथीदार जिंकले.

इथं मी आपल्या विदर्भाच्या मुलीनं बोलावं तसं बोलते. गोवा महाराष्ट्रात आला असता तर तो एक-दोन जिल्हे होऊन राहिला असता. जिल्हा होऊन राहणं म्हणजे काय, ते आपण जाणतो. आपली राजधानी नागपूर होती. १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. तुमसर रोडला दुपारी विदर्भ एक्स्प्रेस धरली की मंत्रालयाचं दार दुसऱ्या दिवशी दिसतं. आपल्या प्रश्नालाही तिथं पोचायला तेवढाच वेळ लागला असता तर बरं झालं असतं. म्हणून मला स्वतःला वाटतं की त्या दिवशी गोव्याच्या लोकांनी दोन पानांवर शिक्का मारला ते ठीक केलं. सासूबाईंना हे पटत नाही. त्यांच्या घरानं फुलावर मारला होता. आमचा यावर दर गणपतीला वाद होतो.

पण बघा, पुढे काय झालं. जानेवारीत हा माणूस आपल्या आयुष्यातलं मुख्य म्हणणं हरला, आणि अडीच महिन्यांत, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, त्यात त्याच मतदारांनी त्याच्याच पक्षाला पुन्हा निवडून दिलं. लोकांनी सांगितलं, तुमचं हे म्हणणं आम्हाला नको, पण कारभार तुम्हीच करा. आणि भाऊसाहेबांनी तो केला. रुसून खाणीवर परत गेले नाहीत. ज्या गोव्याला त्यांनी वेगळं राहू नका म्हणून सांगितलं होतं, त्याच वेगळ्या गोव्याच्या शाळा, रस्ते, कुळं त्यांनी आणखी सहा वर्षं सांभाळली. १९७२ ला पुन्हा निवडून आले. १२ ऑगस्ट १९७३ ला मुख्यमंत्री असतानाच गेले. वय बासष्ट. पणजीत मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. कधी गोव्याला गेलात तर समुद्राकडे पाठ करून पाच मिनिटं तिथं उभे राहा.

मला या माणसाकडून सर्वांत जास्त काय शिकायला मिळालं असेल तर ते हे. हरल्यावर काम सोडायचं नसतं. आपलं म्हणणं मान्य झालं नाही म्हणून शाळेच्या मीटिंगला न येणारे, ग्रामसभेत न जाणारे आपल्यात कमी नाहीत.

आता आपल्या शाळेकडे येते.

आपण पाचवीत होतो तेव्हा वर्गात एकवीस मुली होतो. दहावीच्या फोटोत नऊ आहोत. मी काल फोटो काढून मोजलं. बारा जणी कुठे गेल्या? काही रोवणीला गेल्या त्या परत आल्या नाहीत. काही घरी विड्या वळायला बसल्या. हजार विड्यांमागे मजुरी, आणि हात लहान असले की विडी चांगली वळली जाते असं तेव्हा म्हणायचे. दोघींची लग्नं नववीतच झाली. त्यांच्यापैकी एकही आज इथं नाही, कारण आपण बोलावणं "दहावीच्या बॅच"ला पाठवलं. त्यांच्यात माझ्यापेक्षा गणितात हुशार असलेली एक होती. गुरुजींना ती आठवत असेल. त्या वेळी आपल्या सगळ्या गुरुजनांनी पालकांच्या घरी जाऊन समजावलं, हे आम्हाला माहीत आहे. पण एकेका घरी जाऊन किती जणांना थांबवणार?

आज परिस्थिती वेगळी आहे पण प्रश्न गेलेला नाही. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना पुढे आली, तेव्हा अशा शाळा जवळपास पंधरा हजार निघाल्या. पटसंख्या कमी, म्हणून शाळा लांब. शाळा लांब, म्हणून मुलगी घरी. भाऊसाहेबांनी जो रस्ता पावलं मोजत जवळ आणला तो आपण पुन्हा लांब करतो आहोत का, याचा विचार वैनगंगेच्या या काठावरच्या माणसांनी तरी करायला हवा. पावसाळ्यात चार किलोमीटर म्हणजे किती असतात, ते नकाशात दिसत नाही.

आणि जी मुलं दहावी होतात त्यांची अडचण आता निराळी आहे. आपल्या वेळी कॉलेजात जाऊन कागदाचा फॉर्म भरायचा, बाबू हसून का होईना चूक दाखवायचा. आता सगळं ऑनलाइन. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या, आणि प्रत्येकाला तारीख. मी अशाच प्रणाली बनवते, म्हणून सांगते. बनवणारा शहरात बसतो. त्याला वाटतं प्रत्येकाकडे चालणारं नेट असतं आणि ओटीपी येणारा मोबाईल दिवसभर घरात असतो. इथं तो मोबाईल बापाच्या खिशात असतो आणि बाप शेतात. ओटीपी येतो आणि जातो. गुण असूनही तारीख चुकली म्हणून प्रवेश गेला, अशी मुलं मी स्वतः पाहिली आहेत.

आपल्या बॅचनं स्नेहमेळाव्यासाठी वर्गणी काढली. त्यातून उरलेल्या पैशांचं शाळेला मोठं प्रवेशद्वार बांधायचं आणि त्यावर आपली नावं कोरायची असा प्रस्ताव आहे. मांडणारा माझा बालमित्र आहे, त्याच्या मनात शाळेबद्दल प्रेमच आहे. तरी मी त्याला, तुमच्या सगळ्यांसमोर, विनंती करते की यावर पुन्हा विचार करू या. माझ्या दोन सूचना आहेत.

पहिली. दर वर्षी दहावीचा निकाल लागला की पुढचे तीस दिवस शाळेत एक टेबल लावायचं. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक चालतं नेट, आणि शेजारी आपल्यापैकी कोणीतरी. पालोरा, मुंढरी, जिथून पोरं येतात तिथल्या प्रत्येकाचा अर्ज तिथं भरला जाईल, आणि कोणता कागद कमी आहे ते त्याला दहावीची परीक्षा होण्याआधीच, डिसेंबरात, कळवलं जाईल. याला पैसा फार लागत नाही. सुटी लागते. पहिल्या वर्षाचे पहिले दहा दिवस माझे. त्यासाठी लागणारी यादी ठेवायचा साधा प्रोग्राम मी लिहून आणला आहे, गुरुजींना दाखवलाही आहे. बाकीचे वीस दिवस तुम्ही वाटून घ्या.

दुसरी. पैसे बँकेत ठेवू या आणि कुणाला द्यायचे याचा नियम एका पानावर लिहू या. नियम शिक्षकांनी करायचा, आपण नाही. त्यात बसणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला पहिल्या वर्षाचा खर्च मिळेल, मग तिचा बाप आपल्या ओळखीचा असो नसो, आपल्या पार्टीचा असो नसो. घेणाऱ्याला आपल्यापैकी कोणाच्याही घरी यावं लागू नये. स्टेजवर बोलावून पाकीट देतानाचा फोटो नको. पैसे खात्यात.

प्रवेशद्वार हवं म्हणणारे जास्त असतील तर प्रवेशद्वार होईल. मी हरेन. तरी निकालानंतर टेबल लावायला मी येईनच, त्याला कुणाच्या मताची गरज नाही.

शेवटी एक सांगते. आपल्या वर्गातले दोघे ग्रामपंचायतीत आहेत, एक जण जिल्हा परिषदेला उभं राहायचं म्हणतो आहे. त्याचं हार्डवेअरचं दुकान चांगलं चालतं. मागून काही जण म्हणाले, पैसा झाला, आता हौस आली. म्हणू देत. त्याला माझं एवढंच म्हणणं आहे की जरूर उभा राहा. आजवर तू दुकानातून लोकांना उधारीवर पत्रे दिलेस, खिळे दिलेस, कुणाच्या तेराव्याला पैसे दिलेस, ते आम्हाला माहीत आहे. निवडून आलास तर ते कमी केलंस तरी चालेल. ज्याला तुझ्या दुकानाचा रस्ता माहीत नाही अशा माणसाला काय मिळालं, हे आम्ही पाच वर्षांनी विचारू. हरलास तरीही विचारू, कारण गावातला रस्ता हरणाऱ्याच्या दारावरूनही जातो.

गुरुजी, बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत, रागावलात, आमच्यासाठी आमच्या आईबापांशी भांडलात. ज्या नऊ जणी फोटोत आहेत त्या त्यामुळे आहेत. उरलेल्या बारा जणींना पुढच्या मेळाव्याला बोलवायची जबाबदारी आम्ही नऊ जणी घेतो. पत्ते मिळवायला सुरुवात झाली आहे. आत्तापर्यंत सात सापडल्या.